औषध चालू असताना वजन अडलं, तर काय तपासावं?

सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपटाइड ही भूक कमी करून वजन उतरवणारी इंजेक्शनं घेताना वजन अडलं की औषध लागू पडेनासं झालं, असं वाटतं. बहुतेक वेळा तसं नसतं. शरीर हलकं झालं की त्याची ऊर्जेची गरजही उतरते. 95 किलोला ज्या आहारावर वजन घटत होतं, त्याच आहारावर 82 किलोला ते जागीच थांबू शकतं.

आधी वजन खरंच अडलंय का, ते पाहा. रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा. एकेका दिवसाचा आकडा मीठ, मासिक पाळी, बद्धकोष्ठता यांनी सहज किलोभर हलतो; या औषधांनी बद्धकोष्ठता तर नेहमीचीच. सरासरी सलग चार आठवडे हलली नाही आणि कंबरेचा घेरही तोच राहिला, तरच वजन अडलं म्हणा.

मग डोस पाहा. वजनासाठीचं सेमाग्लुटाइड आठवड्याला 0.25 मिलिग्रॅमपासून सुरू होऊन साधारण चार-चार आठवड्यांनी 0.5, 1, 1.7 आणि 2.4 पर्यंत जातं. पहिला डोस फक्त शरीराला सवय लागावी म्हणून असतो, त्यावर वजन न उतरणं स्वाभाविक आहे. इंजेक्शनं चुकताहेत का? इंजेक्शनचं पेन (औषध भरलेलं, सुई लावायचं साधन) फ्रिजमध्ये गोठलं होतं का? गोठलेलं औषध वापरू नये. बटण दाबल्यावर सुई लगेच काढली तर औषध बाहेर गळतं. माहितीपत्रकात दिलेले सेकंद पूर्ण मोजा. डोस स्वतःहून वाढवू नका.

खरी गोम बहुधा आहारात असते. भूक मेली की माणूस सोपं, मऊ, गोड तेवढंच खातो. प्रथिनं घटतात आणि चरबीबरोबर स्नायूही झिजतात. प्रौढांनी दर किलो वजनामागे रोज 1.2 ते 1.6 ग्रॅम प्रथिनं घ्यावीत; वजन फार जास्त असेल तर हा हिशेब उद्दिष्ट वजनावर करा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ताटात प्रथिनं पहिली संपवा. तीन दिवस तेल, पेयं, येता-जाता तोंडात टाकलेलं, सगळं लिहा. जेवण आणखी तोडू नका, अशक्तपणा तेवढा वाढेल.

आठवड्यातून किमान दोनदा वजनं किंवा रबरी पट्टे घेऊन व्यायाम करा. नुसत्या चालण्याने स्नायू टिकत नाहीत.

तरीही फरक नसेल तर डॉक्टरांकडे सगळ्या औषधांची यादी न्या. इन्सुलिन, स्टिरॉइड, नैराश्यावरचं मिर्टाझापिन, मानसिक आजारांवरचं ओलान्झापिन यांनी वजन वाढू शकतं. थायरॉइडही तपासून घ्या.

एक वर्ष उलटून वजन 15 टक्क्यांच्या आसपास उतरलं असेल, तर सेमाग्लुटाइडचा सरासरी पल्ला तेवढाच आहे. अशा वेळी उतरलेलं वजन टिकवणं हेच औषधाचं काम असतं. वैतागून ते बंद केलं तर वजन बरंचसं परत येतं.