बंद पडलेली जावा-येझदी परत रस्त्यावर आणायची असेल तर

वडिलांची किंवा आजोबांची जावा-येझदी शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून आहे आणि आता ती चालू करायचीच असं ज्यांनी मनावर घेतलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. सगळ्यात आधी एक सांगतो, इंजिन उघडू नका. आधी माणसं शोधा. म्हैसूरची आयडियल जावा १९९६ ला बंद पडली, तेव्हापासून या गाड्यांना कंपनीचं सर्व्हिस सेंटर असा प्रकार नाही आणि २०१८ पासून जी नवीन जावा मिळते ती फोर स्ट्रोक, तिच्या इंजिनाचा जुन्या टू स्ट्रोकशी काही संबंध नाही. मग जे काही ज्ञान उरलंय ते कुठंय, तर जुन्या मिस्त्रींच्या हातात आणि ज्यांनी स्वतःच्या गाड्या जीव लावून सांभाळल्यात त्या मंडळींकडे. ही मंडळी मदतीला एका पायावर तयार असतात, फक्त त्यांच्यापर्यंत पोचायला लागतं. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा डे असतो, पुण्या-मुंबईसारख्या ठिकाणी त्या दिवशी सगळे गाड्या घेऊन जमतात, तुमची गाडी बंद असली तरी तसेच जा, गाड्या बघा, आवाज ऐका, ओळखी करा.

आता विचारायचं कसं तेही सांगतो कारण अर्धं काम तिथंच होतं. "गाडी चालू होत नाही काय करू" असं विचारलं तर कोणीच काही सांगू शकत नाही. मॉडेल कुठलं, पॉइंटवाली (स्पार्कसाठी उघड-मिट होणारे संपर्क) का सीडीआय (इलेक्ट्रॉनिक स्पार्क), किती वर्षं उभी होती, इंजिन फिरतंय का जाम आहे, प्लगला स्पार्क येतोय का, धूर कसला येतो, गरम झाल्यावर बंद पडते का गार असतानाच त्रास देते, एवढं सांगा. प्लग काढून त्याच्या टोकाचा नीट उजेडात फोटो काढा. टोक चॉकलेटी असेल तर बरं, काळं ओलं असेल तर पेट्रोल-ऑइल जास्त जातंय किंवा स्पार्क कमजोर आहे, आणि पांढुरकं असेल तर कुठूनतरी हवा ओढतीये, तशी गाडी पळवाल तर पिस्टन जाम होईल. अनुभवी माणूस नुसत्या या फोटोवरून आणि किक मारतानाच्या व्हिडिओवरून अर्धं निदान करतो.

गाडी बरीच वर्षं उभी असेल तर लगेच किक मारायची नाही. प्लग काढा, भोकातून थोडं टू टी ऑइल (टू स्ट्रोकचं ऑइल) आणि डिझेल सोडा, दोन-चार दिवस तसंच राहू द्या. मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने पुढं-मागं हळूहळू हलवा. जाम पिस्टन असा सुटतो. किकवर उभं राहून उड्या मारणारे लोक बघितलेत मी, किक शाफ्टचे दाते तुटले की मग सगळं इंजिन खाली उतरवावं लागतं आणि खर्च कुठल्या कुठं जातो. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, या गाड्यांना किक आणि गिअरचा दांडा एकच, आत दाबून वर फिरवला की किक.)

पुढचं काम टाकी. कॉक (पेट्रोलची तोटी) काढून घ्या, आत छोटे नट नाहीतर बारीक खडी आणि पांढरा व्हिनेगर घालून एक दिवस ठेवा, मधून मधून हलवत रहा, गंज सुटतो. मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, उन्हात पूर्ण कोरडी करा आणि लगेच आत थोडं टू टी ऑइल फिरवून घ्या नाहीतर दुसऱ्या दिवशी परत गंज. पेट्रोलचा पाईप नवीन टाका तो इथेनॉल सहन करणारा टाका, आता पंपावर सगळीकडे इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर त्याच्यात फुगतं. ते पेट्रोल हवेतली ओल पण धरून ठेवतं म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवा. कॉक बंद करायची सवय तर कायमचीच लावून घ्या, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई जरा जरी गळत असेल तर रात्रभरात पेट्रोल क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या खोक्यात) भरतं. कार्बोरेटर साफ करताना जेटमध्ये तार घालायची नाही, भोक मोठं होतं, हवा मारा बस्स. पेट्रोलमध्ये ऑइल लिटरला ४० मिली, आणि नवीन बोअर मारला (सिलिंडर आतून कातून मोठा पिस्टन टाकला) असेल तर सुरवातीला ५०.

आता टायमिंग, म्हणजे स्पार्क नेमका कधी पडतो ते, याच्यावर जरा जास्त लिहितो कारण "कार्बोरेटर खराब आहे" म्हणून माझ्याकडे आलेल्या बऱ्याच गाड्यांचा खरा दोष पॉइंटमध्ये निघालाय. हे काम दोघांनी करायचं. उजवीकडचं कव्हर काढलं की डायनॅमो दिसतो, त्याच्यावर पॉइंट. आधी पॉइंटची तोंडं बघा, खड्डा पडला असेल तर बारीक पॉलिश पेपरने साफ करा, जास्त असेल तर सरळ बदला, कंडेन्सर पण बरोबरच बदला. मग पॉइंट पूर्ण उघडलेले असताना फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) गॅप ०.४ मिमी लावा. आता एकाने इंजिन हाताने हळू फिरवायचं, दुसऱ्याने पॉइंटकडे बघायचं. पिस्टन एकदम वर आलेली जागा डेप्थ गेजने पकडा, मग मॅन्युअलमध्ये तुमच्या मॉडेलला वरच्या टोकाआधी जितके मिलिमीटर दिलेत तितका पिस्टन खाली आणा आणि बरोबर त्याच क्षणी पॉइंट सुटायला पाहिजे. प्लगचं भोक तिरकं असेल तर माप चुकतं, सरळ हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) काढा, चार नटांचं तर काम आहे. पॉइंट नक्की कधी सुटतो हे डोळ्याला कळत नाही म्हणून पॉइंटच्या वायरला आणि बॉडीला छोटा बल्ब जोडा, चावी ऑन करा, पॉइंट सुटला की बल्ब लागतो. बल्ब नसेल तर पॉइंटमध्ये पातळ कागदाची पट्टी धरून अगदी हलकं ओढत रहा, पट्टी घट्ट धरलेली असते आणि एका क्षणी बोटात अलगद निघून येते. ती जागा. जुने मिस्त्री याच पट्टीवर टायमिंग लावतात आणि ती गाडी दुसऱ्या किकला उचलते. हे कोणाच्या तरी शेजारी बसून एकदा शिकून घ्या, व्हिडिओ बघून बोटाला ते कळत नाही.

टायमिंग बरोबर आहे, कार्बोरेटर साफ आहे, तरी गाडी त्रास देते तेव्हा सील बघायचे. टू स्ट्रोकमध्ये क्रँककेस हवाबंद असावी लागते, दोन्ही बाजूंना ऑइल सील असतात आणि गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की त्यांचं रबर कडक होतं. डावीकडचं म्हणजे क्लचच्या बाजूचं सील गेलं की इंजिन गिअर ऑइल ओढतं, मागे पांढऱ्या धुराचा लोट आणि गिअर ऑइल कमी होत जातं. उजवीकडचं गेलं तर डायनॅमोवर तेलकट पडतं, आयडलला आरपीएम आपोआप वरखाली होतात, प्लग पांढरा पडतो. हे कळलं तर नुसता धूर बघून बोअर मारायला जायचं नाही, आणि दुर्दैवाने लोक तेच करतात. या २५० सीसीच्या गाड्यांचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ६५ मिमीचा, ओव्हरसाईझ पिस्टन पाव-पाव मिमीच्या टप्प्याने मिळतात, म्हणजे सिलिंडरचं आयुष्य मोजकंच आहे, विनाकारण एक बोअर मारला की एक टप्पा कायमचा गेला.

सील बदलायला डायनॅमोचा रोटर आणि क्लच काढावा लागतो, त्याला पुलर (भाग ओढून काढायचं हत्यार) लागतो. इथं ओळखी कामाला येतात. पुलर प्रत्येकाने विकत घ्यायची गरज नाही, जावावाल्यांच्या ग्रुपमधल्या कोणाकडेतरी असतोच, मागून घ्या, साफ करून वेळेत परत द्या. हातोडी-पटाशीने रोटर काढायला गेलात तर क्रँकचं टोक वाकलंच म्हणून समजा. खोलताना प्रत्येक टप्प्यावर फोटो, प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत आणि पिशवीवर चिठ्ठी. काढलेला ओरिजिनल पार्ट कितीही झिजलेला असू द्या, टाकायचा नाही, पुढं कधीतरी त्याचंच माप घेऊन लेथवाल्याकडून नवीन करून घ्यावं लागतं.

क्लचबद्दल थोडक्यात. या गाड्यांची खासियत म्हणजे गिअरच्या दांड्यावर पाय दाबला की क्लच आपोआप सुटतो, ते ॲडजस्टमेंट चुकलं की गिअर खडखडून पडतात. गाडी खूप दिवस उभी असेल तर कॉर्कच्या प्लेटा एकमेकींना चिकटतात, त्या सुट्या करून गिअर ऑइलमध्ये रात्रभर भिजवून परत बसवा. सायलेन्सरच्या आतल्या जाळ्या काढून काजळी साफ करा, एक्झॉस्ट पोर्ट पण खरवडा, गाडी ओढत नाही म्हणून आलेल्या कित्येक गाड्या एवढ्यावर पळायला लागतात.

पार्ट्सचं म्हणाल तर बेअरिंग आणि सीलसाठी जावाचं दुकान शोधत बसू नका. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, सीलवर माप असतं, चांगल्या बेअरिंगच्या दुकानात नामांकित कंपनीचं मिळतं, क्रँकला सी३ क्लिअरन्सचं (आत जरा जास्त फट असलेलं) मागा. बाकी पुण्यात नाना पेठ, जुना बाजार, मुंबईत चोर बाजार, कुर्ला इथं फिरावं लागतं, पण जाताना जाणकार माणूस बरोबर घेऊन जा. डुप्लिकेट पिस्टन आणि पॉइंट चकचकीत पाकिटात येतात आणि आगीतून फुफाट्यात नेतात. पॅकिंग सेट, रबरं, केबल असलं सामान पाच-सहा जणांनी मिळून एकदम मागवलं तर स्वस्त पडतं आणि चेक रिपब्लिकमध्ये जावाचे पार्ट अजून बनतात ते मागवायचे तर एकत्रच परवडतं. फक्त तिकडचा पार्ट आपल्या म्हैसूरच्या गाडीला बसतो का हे आधी बसवलेल्या माणसाला विचारून घ्या, येझदीच्या रोडकिंग मॉडेलला तर नक्कीच विचारा.

मिस्त्रींशी वागायचं कसं हेही सांगायलाच पाहिजे. ज्या काकांनी चाळीस वर्षं या गाड्या खोलल्यात त्यांच्याशी मजुरीवरून घासाघीस करू नका. शनिवारी दुपारी जरा निवांत असतात तेव्हा जा, चहा घेऊन बसा, परवानगी मागून व्हिडिओ काढा, ते जे बोलतात ते वहीत लिहून ठेवा आणि ग्रुपमधल्या पोरांना द्या. हे ज्ञान कुठल्या मॅन्युअलमध्ये नाही आणि त्या पिढीतले हात आता कमी राहिलेत.

कागदपत्रं सुद्धा याच वेळी बघा. आरसीवरचा इंजिन आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळतो का, नाव कोणाचं आहे, वारसनोंद झाली का. २०२१ च्या नियमानुसार ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात असलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, नवीन नोंदणीला २०,००० आणि नूतनीकरणाला ५,००० रुपये, दहा वर्षांसाठी, नंबरात व्हीए अक्षरं येतात. पण मग ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही, त्यामुळे तुम्हाला गाडी रोज फिरवायची असेल तर साधं रिपासिंगच करा. मूळ रंग आणि सोनेरी पट्टे बरे असतील तर माझं मत स्पष्ट आहे, रंगाला हात लावू नका.

चालू झाल्यावर आठवड्यातून एकदा तरी दहा-पंधरा किलोमीटर फिरवा, नुसतं जागेवर चालू करून बंद केलं तर आत काजळी आणि पाणी साठतं. आणि पहिल्या लांबच्या राईडला एकटे जाऊ नका, दोन-तीन गाड्या बरोबर ठेवा. डिकीत दोन प्लग, पॉइंट, कंडेन्सर, फीलर गेज, क्लच आणि ॲक्सिलरेटरची वायर, चेन लॉक (चेन जोडायची कडी), थोडं टू टी ऑइल आणि पेट्रोलचा पाईप एवढं असू द्या, क्लच वायर तर जुनीच्या शेजारून आधीच ओवून बांधून ठेवा म्हणजे घाटात तुटली तरी दोन्ही टोकं अडकवली की निघालात.