ऑफिसच्या आणि शाळेच्या व्हेंडिंग मशीनमध्ये काय ठेवायला सांगायचं

संध्याकाळी पाचला कडकडून भूक लागते, खाली उतरून काही खायला वेळ नसतो, मग मशीनमधून चिप्स नाहीतर क्रीमची बिस्किटं, आणि पुढे विरार लोकल पकडून घरी जेवायला साडेनऊ. म्हणजे मधले साडेचार तास त्या एका पाकिटावर. म्हणून त्यात काय आहे याला खरंच महत्त्व आहे. बहुतेक वेळा व्हेंडर स्वतःच्या मनाने माल भरतो कारण त्याला कोणी यादीच देत नाही, तर पहिलं काम तेच करा, अ‍ॅडमिनकडे जाऊन यादी द्या.

यादीत फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, मखाणा, खाकरा, थंड मशीन असेल तर ताकाचे छोटे टेट्रा पॅक. चिक्कीही चालेल पण छोटी, गूळ असला तरी शेवटी ती साखरच.

आता पाकीट. पुढे मोठ्या अक्षरात मल्टिग्रेन लिहिलेलं असतं, ते सोडा, मागे बघा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्यामुळे पहिला मैदा आणि दुसरं पाम तेल असेल तर बाकीची धान्यं नावापुरतीच. मग सोडियम. मोठ्या माणसाला दिवसाला 2000 मिलिग्रॅम म्हणजे साधारण 5 ग्रॅम मीठ ही मर्यादा धरतात. समजा 100 ग्रॅमला 800 लिहिलंय आणि पाकीट 50 ग्रॅमचं आहे, तर एका पाकिटात 400, दिवसाचा पाचवा हिस्सा तिथेच संपला. मखाणा हेल्दी म्हणून डोळे झाकून घेऊ नका, पेरी पेरी वगैरे फ्लेवरमध्ये मीठ भरपूर असू शकतं. आणि काही पाकिटांवर आकडे एका सर्व्हिंगचे, म्हणजे एका वेळी खायच्या भागाचे, असतात आणि पाकिटात सर्व्हिंग दोन-तीन, तेही बघा.

शाळेचं मशीन असेल तर पालकांच्या हातात नियमच आहे. एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, 2020 च्या नियमांप्रमाणे जास्त फॅट, साखर किंवा मीठ असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि गेटपासून 50 मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत. पालक सभेत हे स्पष्ट मांडा, आणि कुठल्या मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे का तेही तिथेच विचारून घ्या.

मांडणीकडे लक्ष द्या. स्प्रिंग फिरली की पाकीट वरून खाली आदळतं, खाकरा वरच्या रांगेत ठेवला तर हातात चुराच येतो, म्हणून तो सगळ्यात खाली. फुटाणे आणि ताक डोळ्यांसमोरच्या रांगेत, चिप्स ठेवायचेच असतील तर कोपऱ्यात.

पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत पातळ पिशवीतले फुटाणे मऊ पडतात, तेव्हा हवाबंद पाकिटंच मागा. जुना माल पुढे, नवीन मागे. आणि पहिल्या आठवड्यात फुटाणे खपले नाहीत म्हणून व्हेंडर ते काढायला बघेल, त्याला निदान दोन महिने थांबायला सांगा आणि कुठल्या रांगेतून किती गेलं त्याचा हिशोब दर महिन्याला मागून घ्या.