कादंबरीवरचे मत सकाळी, शेतीच्या पुस्तकावरचे मत सुगीनंतर : वाचलेल्या पुस्तकांबद्दल आपले मत कसे बनवावे आणि कसे नोंदवावे

आमच्या गावचे ग्रंथालय ‘ड’ वर्गाचे आहे. म्हणजे १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानुसार अ, ब, क, ड अशी जी उतरंड लागते, तिच्यातले शेवटचे. ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत तीन लोखंडी कपाटे आहेत. त्यांपैकी दोन कपाटांची दारे सतत उघडझाक होऊन बिजागरीपाशी सैल झाली आहेत. एकात प्रेमकथांच्या कादंबऱ्या आहेत आणि दुसऱ्यात शेती, पाककृती, कायदा, आरोग्य, बचत अशा विषयांची, ज्यांना सगळे ‘उपयोगी’ म्हणतात ती पुस्तके. तिसऱ्या कपाटात थोरामोठ्यांचे समग्र वाङ्मय आहे. त्याचे दार अजून नव्यासारखे लागते.

ही पहिली दोन कपाटे मी गेली कित्येक वर्षे आळीपाळीने वाचत आले आहे, आणि त्यामुळे गावातल्या सुना, शिकणाऱ्या मुली आणि अधूनमधून एखादा कास्तकारही मला वाटेत थांबवून “हे पुस्तक कसं हाये व मावशी?” असे विचारतो. सुरुवातीला मी “छान आहे” किंवा “काही दम नाही” असे सांगून मोकळी होत असे. पुढे माझ्या ध्यानात आले की प्रेमकथा वाचकाला एक शब्द देते आणि उपयोगी पुस्तक दुसराच शब्द देते, आणि तो पाळला गेला की नाही हे कळण्याची वेळही दोघांची वेगळी असते. ज्याला वाचनाची आवड आहे आणि वाचलेल्यावर स्वतःचे मत हवे आहे, त्याच्यासाठी मी जी रीत वापरते ती पुढे सांगते.

वही

दोनशे पानी एकच वही घ्यावी आणि ती दोन्ही बाजूंनी वापरावी. समोरून कादंबऱ्या लिहाव्यात आणि वही उलटी करून मागून उपयोगी पुस्तके लिहावीत. प्रत्येक नोंदीवर पुस्तक हाती घेतल्याची तारीख, पूर्ण केल्याची तारीख आणि मत लिहिल्याची तारीख अशा तीन तारखा घालाव्यात. मागच्या बाजूला दर नोंदीखाली अर्धे पान कोरे सोडावे. ते का, हे पुढे येईल.

आधी श्रेयपान पाहावे

पुस्तक घरी नेण्याआधी मुखपृष्ठाकडे आणि मलपृष्ठावरच्या स्तुतीकडे न पाहता नामपृष्ठाच्या मागचे पान उघडावे. तिथे पहिली आवृत्ती कधीची, दुसरी कधीची, पुनर्मुद्रण कधीचे हे छापलेले असते. पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापलेला. आवृत्तीत मजकूर सुधारलेला असावा अशी अपेक्षा असते. मात्र आपल्याकडे नुसत्या पुनर्मुद्रणालाही सर्रास आवृत्ती म्हटले जाते, म्हणून ‘सुधारित’ हा शब्द आणि नव्या आवृत्तीची वेगळी प्रस्तावना आहे का, हेही पाहावे.

कादंबरीच्या बाबतीत या वर्षाला फारसे महत्त्व नाही. साठ वर्षांपूर्वीची प्रेमकथाही ताजी असू शकते. उपयोगी पुस्तकात मात्र निम्मा निकाल इथेच लागतो. कपाशीवरच्या एखाद्या जुन्या पुस्तकात एंडोसल्फान फवारण्याचा सल्ला असेल, तर त्या औषधाच्या उत्पादनावर, विक्रीवर आणि वापरावर सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये बंदी घातली, हे त्या पुस्तकाला कुठून ठाऊक असणार? बोंडअळीला तोंड देणाऱ्या बीटी कपाशीला आपल्या देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा त्याआधीच्या पुस्तकातले बोंडअळीचे सगळे वेळापत्रक वेगळ्या पऱ्हाटीसाठी लिहिलेले आहे. कायद्याच्या पुस्तकांचे तर विचारूच नये. वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला मुलाच्या बरोबरीने जन्मतः हक्क देणारी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. त्यापूर्वी छापलेले पुस्तक पुढे करून कोणत्याही बहिणीला तिचा हिस्सा समजावून सांगू नये. भारतीय दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि शाळकरी पोरांनाही पाठ असलेले खुनाचे कलम ३०२ आता १०३ झाले. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची ‘कृषी संवादिनी’ दरवर्षी नव्याने निघते, त्यामागचे कारण हेच. तरीही तिची पाच वर्षांपूर्वीची प्रत प्रमाण मानून वाद घालणारी माणसे मी पाहिली आहेत.

प्रेमकथा कशी वाचावी

प्रेमकथा शक्यतो सलग वाचावी. रोज चार पाने अशी ती वाचली, तर तिचा जीव जातो. उन्हाळ्यात दुपारी, बाहेर ऊन मी म्हणत असताना आणि वीज गेल्यावर ओसरीत खाट टाकून वाचायला याहून योग्य पुस्तक नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाचण्याआधी एक लाज मात्र सोडावी लागते. आमच्या ग्रंथालयातून बायका पुस्तके नेतात तेव्हा वर पाककृतीचे पुस्तक असते आणि खाली कादंबरी. ही लाज जुनी आहे. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ १९६२ च्या एका दिवाळी अंकात छापून आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि ती कथा अश्लील ठरत नाही असा निर्णय न्यायालयाने १९६९ मध्ये दिला. सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न निकाली काढून इतकी वर्षे लोटली. आपल्या ओसरीवर तो अजून चालू ठेवण्याचे कारण नाही. जो वाचक लपवून वाचतो, तो मतही लपवूनच ठेवतो, आणि मग त्याला विचारले की “वेळ जात नव्हता म्हणून वाचलं” एवढेच ऐकू येते.

कादंबरी संपली त्या रात्री मत लिहू नये. मन भरून आलेले असते आणि सगळेच थोर वाटते. दुसऱ्या दिवशी सकाळी, सडा-सारवण आणि चहा झाल्यावर वही उघडावी आणि पहिला प्रश्न हा विचारावा : या दोघांच्या मध्ये नेमके काय आले होते? प्रेमकथेचा शेवट गोड होणार हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते, आणि तसा तो व्हावा अशीच त्याची इच्छा असते. त्यामुळे शेवट ओळखता आला, ही तक्रार मला पोरकट वाटते. खरा कस लागतो तो आडव्या आलेल्या गोष्टीचा. गेल्या वर्षी मी वाचलेल्या एका कादंबरीत नायक-नायिका एका गैरसमजापायी दीडशे पाने एकमेकांपासून दूर राहतात, आणि दोघांच्याही खिशात मोबाइल आहे. एका फोनने मिटणारे दुःख दीडशे पाने ताणले, तर पुस्तकाने दिलेला शब्द मोडला असेच मी लिहिते.

याउलट दुसऱ्या एका कादंबरीतली मुलगी होकार देत नाही, कारण तिच्या वडिलांनी त्या मुलाच्या घरून उसने पैसे घेतलेले असतात आणि हे लग्न म्हणजे त्या कर्जाची फेड ठरेल अशी तिला धास्ती असते. कापसाचे चुकारे आल्यावर ती त्याच्या आईच्या हातावर नोटा मोजून ठेवते. वीस रुपये कमी पडतात, आणि ते वीस रुपये द्यायला ती दुसऱ्या दिवशी पुन्हा जाते. त्या दोन भेटींत प्रेमाचा एक शब्दही नाही. तरी मी त्या पानात मोरपीस ठेवून पुस्तक परत केले आणि पुढच्या वाचकाने ते तसेच राहू दिले.

दुसरा प्रश्न असा की गोष्ट संपताना दोघेही थोडे बदलले का, की एकटीच बदलली? आपल्याकडच्या पुष्कळ कादंबऱ्यांत तो आहे तसाच राहतो आणि समजूतदारपणा सगळा तिच्या वाट्याला येतो. तिसरी गोष्ट मी आमच्या भागापुरती पाहते, ती म्हणजे भाषा. कादंबरीत वऱ्हाडी बोली आली की नव्वद टक्के ती गड्याच्या, मोलकरणीच्या नाहीतर हसवणाऱ्या मामाच्या तोंडी असते, आणि प्रेमाची वेळ आली की सगळे एकदम पुस्तकी मराठी बोलू लागतात. आमच्याकडे लोक प्रेम करीत नाहीत की काय? शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही हे गावोगावचे दुखणे झालेले असताना नायक मात्र अजूनही पुण्याचा इंजिनिअर असतो, हेही मी वहीत दर वेळी नोंदवते.

उपयोगी पुस्तक कसे वाचावे

हे पुस्तक सलग वाचू नये. प्रस्तावना आणि अनुक्रमणिका वाचून लेखक कुठला आहे आणि कोणासाठी लिहितो आहे ते आधी शोधावे. हे मी चुकून शिकले. एका पुस्तक प्रदर्शनातून परसबागेवरचे एक देखणे पुस्तक मी आणले, त्यात सांगितल्याप्रमाणे होळीनंतर टोमॅटोची रोपे लावली आणि सकाळ-संध्याकाळ नेमाने पाणी दिले. झाडे वाढली, एप्रिलमध्ये फुलांनी लगडली आणि एकेक करून सगळी फुले गळून पडली. दिवसाचे तापमान पस्तीस अंशांच्या पुढे गेले की टोमॅटोचे फळ धरत नाही, आणि आमच्याकडे तेव्हा पारा बेचाळीसवर होता. शिवाय दोन वेळा पाणी देण्याचा सल्ला हलक्या, निचऱ्याच्या जमिनीसाठी होता. आमची काळी माती पाणी धरून ठेवते, त्यामुळे मुळांशी कायम चिखल राहिला. प्रस्तावना पुन्हा उघडली, तर लेखकाची बाग घाटमाथ्याच्या थंड हवेत असल्याचे दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलेले होते. पुस्तक खोटे बोलले नव्हते. मीच प्रस्तावना ओलांडून थेट टोमॅटोवर गेले होते.

त्यानंतर मापे पाहावीत. शिफारस हेक्टरी आहे की एकरी, हे पेन्सिलीने अधोरेखित करावे, कारण एक हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर, आणि हेक्टरी खत एकरात टाकले तर खर्चही अडीचपट आणि पिकाचीही नासाडी. फवारणीचे प्रमाण पुस्तकात बहुधा दहा लिटर पाण्याला दिलेले असते आणि पाठीवरचा पंप असतो पंधरा-सोळा लिटरचा. हा हिशोब पंप भरताना तोंडी करू नये, आधी कागदावर करावा. पाककृतीच्या पुस्तकात ‘एक वाटी’ म्हणजे किती ग्रॅम हे कुठेच दिलेले नसेल, तर ते पुस्तक पहिल्याच पानावर माझ्याकडून गुण गमावते.

मग पुस्तकातली एकच गोष्ट निवडावी आणि ती करून पाहावी. सगळे पुस्तक अमलात आणायला गेले की काहीच होत नाही. केले त्या दिवसाची तारीख वहीच्या मागच्या बाजूला लिहावी, आणि जे अर्धे पान कोरे सोडले होते ते निकाल हाती येईपर्यंत कोरेच राहू द्यावे. लोणच्याच्या पुस्तकावरचे मत पुढच्या पावसाळ्यात लोणच्याला बुरशी आली का हे पाहून लिहावे, आणि कपाशीच्या पुस्तकावरचे उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, झाल्यावर.

स्वतःला सुधारण्याची जी पुस्तके हल्ली भाषांतर होऊन ढिगाने येतात, त्यांच्याबद्दल थोडक्यात सांगते. पहाटे पाचला उठा, असे ठासून सांगणारे पुस्तक आमच्या गावात कोणाला द्यावे हा प्रश्नच आहे. इथे ज्यांच्या घरी गाय आहे ते सगळेच यशस्वी व्हायला हवे होते. बचतीच्या पुस्तकांत दर महिन्याला ठरावीक पगार येतो असे गृहीत धरलेले असते, आणि आमच्याकडे पैसा येतो तो वर्षातून एकदा किंवा दोनदा, तोही बाजारभावाच्या मर्जीने. अशा पुस्तकातले एखादेच प्रकरण कामाचे निघते. त्याचा पृष्ठक्रमांक लिहून ठेवावा आणि बाकीचे खुशाल विसरावे.

मत लिहिताना

पहिल्या ओळीत हे पुस्तक कोणाच्या हाती द्यावे ते लिहावे, आणि तेही माणूस डोळ्यांसमोर आणून : बाळंतपणाला माहेरी आलेली, नुकताच बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, शेत करू लागलेला, नापास होऊन घरी बसलेली. दुसऱ्या ओळीत पुस्तकातली एक जागा पृष्ठक्रमांकासह नोंदवावी, कारण जागा दाखवता आली नाही तर ते मत नसून मूड असतो. ‘मला आवडले नाही’ आणि ‘पुस्तक वाईट आहे’ ही दोन वाक्ये वेगळी ठेवावीत. मला सूडाच्या कथा आवडत नाहीत, म्हणून ती पुस्तके वाईट ठरत नाहीत. ग्रंथालयाच्या पुस्तकात मात्र काहीही लिहू नये. आमच्याकडच्या एका कादंबरीच्या शेवटच्या पानावर कोणीतरी शाईने “पोरगी मूर्ख आहे” असे लिहून ठेवले आहे, आणि तेव्हापासून ती कादंबरी वाचणारी प्रत्येक बाई त्या मुलीचा नाहीतर त्या अनामिक माणसाचा पक्ष घेऊन माझ्याकडे येते.

मत बदलले तर जुने खोडू नये. खाली नवी तारीख घालून नवे लिहावे. विशीत ज्या नायकासाठी मी रडले होते, तो पन्नाशीत मला निव्वळ हट्टी वाटला, आणि आता वहीत दोन्ही नोंदी एकाखाली एक आहेत.

सध्या मागच्या बाजूला गांडूळखताच्या एका पुस्तकाची नोंद अर्धवट आहे. जूनमध्ये कडुलिंबाखाली वाफा घातला, तारीख लिहिली, खालचे अर्धे पान कोरे आहे. परवा शेजारची सून ते पुस्तक मागायला आली आणि अर्थातच तिने विचारले, कसे आहे. वाफ्याची मापे फुटांत दिली आहेत, ओलावा मुठीत दाबून कसा पाहायचा याचे चित्र ठीक काढले आहे, आणि खत कसे होते ते दिवाळीनंतर विचार, एवढे सांगून मी तिला पुस्तक दिले.