बायकोला तिचं स्वतःचं पहिलं रिव्हॉल्वर निवडायला मदत कशी करावी

कोकणात बंदूक नवी नाही. माकडं आणि रानडुकरं यांच्यापायी सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या कितीतरी घरांत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची नाहीतर बारा बोअरची बंदूक आजोबांच्या काळापासून आहे. रिव्हॉल्वर, पिस्तूल या मात्र वेगळ्या वस्तू. त्यांचा डुकरांशी संबंध नाही, माणसाशी आहे. त्यामुळे परवाना मिळवण्यापासून ते उशाशी ठेवण्यापर्यंत सगळंच निराळं.

मी बोटीवर नोकरी करतो, वर्षातले सहा-सात महिने बाहेर. वेंगुर्ल्याच्या अलीकडे आमचं घर आणि घराला लागून काजूचा छोटा कारखाना आहे. तो बायको चालवते. हंगामात बियांची खरेदी रोखीनं, बायांची मजुरी रोखीनं, आणि हिशोब संपेपर्यंत रात्रीचे दहा. तिला रिव्हॉल्वर हवं असं तीच म्हणाली. निवडताना मात्र मी मधे मधे केलं आणि पहिल्या खेपेला सगळं चुकलं. त्या अनुभवावरून पुढचं लिहितो आहे.

एक गोष्ट आधी सांगतो. घरात दारूवरून भांडणं होत असतील, कुणी दीर्घकाळ नैराश्यात असेल, किंवा रागाच्या भरात हाताला येईल ते फेकायची कुणाला सवय असेल, तर हा विषय इथंच सोडा. दाराला चांगली कडी, अंगणात दिवा, एक जागं कुत्रं आणि फोनमध्ये ११२ एवढ्यावर बरीच घरं सुरक्षित राहतात.

तुमचं रिव्हॉल्वर तिचं नव्हे

‘माझं आहेच की घरात, तेच वापर’ असं म्हणणारे नवरे पुष्कळ. कायदा तसं म्हणत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. तुम्ही बोटीवर किंवा मुंबईला गेलात आणि तुमचं रिव्हॉल्वर तिच्या कपाटात राहिलं, तर ते तिच्याकडे विनापरवाना ठरू शकतं. जास्त दिवस बाहेर जायचं असेल तर पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ते जमा करून पावती घ्यायची. मी सुरुवातीची काही वर्षं हे केलं नव्हतं. आज आठवलं की घाम फुटतो.

म्हणून पहिली पायरी तिच्या नावाचा परवाना. वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत. अर्ज ऑनलाइन भरतात, शस्त्र नियम २०१६ मधल्या ए-१ नमुन्यात. परवाना देणारा अधिकारी आपल्याकडे जिल्हाधिकारी, म्हणजे ओरोस (सिंधुदुर्ग), रत्नागिरी किंवा अलिबाग. शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचा डॉक्टरी दाखला लागतो, शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, पोलिसांची चौकशी होते. परवाना पाच वर्षांचा असतो. २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका बाळगता येतात, तेव्हा ‘एक आणखी घेऊन बघू’ असा प्रकार नाही.

‘कारण’ या रकान्यात नवऱ्यानं सांगितलेली वाक्यं लिहू नयेत. चौकशीला पोलीस तिलाच विचारणार. रोकड किती वाजता मोजली जाते, बँक किती लांब आहे, पूर्वी काही प्रकार घडला का, हे तिच्या तोंडून सरळ यायला हवं. तुम्ही कागदांच्या झेरॉक्स काढा, ओरोसला गाडी न्या, बाहेरच्या बाकावर बसा. परवाना हातात पडेलच अशी खात्री कुणीच देऊ शकत नाही. जो देतो त्याच्यापासून लांब राहा.

आणि परवान्याचं क्षेत्र बघून घ्या. परवाना फक्त महाराष्ट्रापुरता असेल तर बांद्याच्या पुढे, गोव्याच्या हद्दीत, ते शस्त्र नेता येत नाही. आमच्याकडे माहेर गोव्यातल्या डिचोलीला आणि सासर वेंगुर्ल्याला अशा बायका कमी नाहीत, म्हणून मुद्दाम सांगतो.

माहेरी वडिलांचं जुनं शस्त्र असेल तर तेही एक दार आहे. परवानाधारक वारल्यावर, किंवा त्यानं सत्तरी गाठल्यावर, किंवा शस्त्र २५ वर्षं बाळगून झाल्यावर, कायदेशीर वारसाला परवाना मिळण्याची तरतूद २०१६ च्या नियमांत आहे. पण वडिलांची आठवण म्हणून ते घेणं आणि तिच्या हाताला ते बसणं या दोन गोष्टी निराळ्या ठेवा.

दुकानात जाण्याआधी घरी करायची परीक्षा

घाटावरच्या एका दुकानात पहिल्यांदा गेलो तेव्हा दुकानदारानं बाई बघून थेट हलकं रिव्हॉल्वर काढलं. मीही मान डोलावली. नाजूक, चकचकीत, पर्समध्ये मावणारं. हिनं ते हातात घेतलं, दोनदा फिरवलं आणि परत ठेवलं. गाडीत बसल्यावर म्हणाली, “तुमका आवाडला ना? मगे तुम्हीच ठेवा. माझ्या बोटान ता दाबाकच नाय.”

बायकांसाठी हलकं हवं, ही समजूत पक्की बसली आहे. २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीनं ‘निर्भीक’ नावाचं .३२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीचं माप) रिव्हॉल्वर काढलं, ते बायकांसाठी म्हणूनच गाजलं. वजन सुमारे अर्धा किलो, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास. वाहून न्यायला ते सोपं, यात शंका नाही. पण त्याच काडतुसाचा धक्का हलक्या शस्त्रात हाताला जास्त लागतो, जड शस्त्र तो धक्का स्वतः पचवतं. छोट्या मुठीवर करंगळी खाली लोंबते, मग पकड अर्धीच राहते. आणि नळी आखूड असली की जरासा हात हलला तरी नेम बराच सरकतो. नवशिक्या माणसाला, बाई असो की बुवा, हलकं आणि छोटं चालवायला अवघडच जातं.

ट्रिगरचा प्रश्न त्याहून मोठा. मागचा घोडा (हॅमर) आधी न ओढता रिव्हॉल्वर झाडायचं तर ट्रिगरवर साधारण साडेचार-पाच किलोचा जोर लागतो. घोडा आधी ओढून ठेवला तर त्याच्या निम्म्याहूनही कमी. हा जोर म्हणजे किती, हे कळायला दुकान नको. मासे तोलायचा स्प्रिंगचा काटा घरात असतोच. तो एका हातात घट्ट धरायचा, आकडा दुसऱ्या हाताच्या तर्जनीत अडकवायचा आणि फक्त त्या बोटानं, मनगट न हलवता, काटा पाचावर नेऊन बघायचा. एकदा नाही, सहा वेळा. हिच्या हाताला काजू फोडून ताकद होती, तरी चौथ्या वेळेला बोट थरथरायला लागलं. त्या संध्याकाळी माझंही थरथरलं, पण ते मी तिला सांगितलं नाही.

दुकानात काय बघायचं

तुम्ही शक्यतो काउंटरपासून दोन पावलं मागे उभे राहा. दुकानदार तुमच्याशी बोलेल, तुम्ही तिच्याकडे बोट दाखवा.

सामान्य नागरिकाला हँडगनमध्ये आपल्याकडे मुख्यतः .३२ बोअर मिळतं. ९ मिमी प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं, त्याची चर्चाच नको. .३२ मध्ये रिव्हॉल्वर आणि पिस्तूल दोन्ही आहेत, मात्र दोघांची काडतुसं वेगळी. नावात .३२ आहे म्हणून एकाचं दुसऱ्यात चालत नाही.

रिव्हॉल्वर की पिस्तूल? पिस्तूल चपटं, ट्रिगर बराच हलका, पण वरची स्लाइड मागे ओढायला पंज्यात आणि मनगटात जोर लागतो. संधिवात असेल तर तिथंच अडतं. शिवाय पिस्तुलात एक फसवी गोष्ट आहे. काडतुसं भरलेलं मॅगझिन काढलं की माणसाला वाटतं रिकामं झालं, आणि एक काडतूस नळीच्या मागच्या टोकात बसलेलं राहतं. स्लाइड ओढून, आत डोळ्यांनी बघितल्याशिवाय पिस्तूल रिकामं समजू नये. रिव्हॉल्वरचं फिरतं सिलिंडर उघडलं की काडतुसांची सहाच्या सहा घरं समोर दिसतात. आठवड्यातून एकदाच हात लावणाऱ्या माणसाला मी रिव्हॉल्वर सुचवीन. जी नियमानं सरावाला जाणार आहे तिनं पिस्तुलाचा विचार जरूर करावा.

सिलिंडर कसं उघडतं तेही बघा. जुन्या पद्धतीची काही मधे मोडून उघडतात. २०२३ मध्ये कानपूरच्याच सरकारी कंपनीनं आणलेल्या ‘प्रबल’चं सिलिंडर बाजूला झुकतं. काडतुसं भरायला आणि रिकामं करायला मला बाजूला झुकणारं सोयीचं वाटलं, हिलाही. वजन सातशे ग्रॅमच्या आसपास.

शस्त्र रिकामं असल्याची दोघांनी खात्री केल्यावर तिनं ते धरायचं. नळी तिच्या मनगटाच्या आणि कोपराच्या रेषेत यायला हवी. मूठ न सरकवता तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर पोचायला हवं. बोटाचं टोक जेमतेम टेकत असेल तर प्रत्येक गोळी बाजूला जाणार. मग दुकानदाराची परवानगी घेऊन, नळी भिंतीकडे, रिकामा ट्रिगर सहा वेळा. डमी काडतुसं असतील तर ती घालून, म्हणजे पिनवर ताण येत नाही. पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा, हलते का, ते बघायचं. चाळिशी लागली असेल तर चष्मा लावून आणि काढून दोन्ही प्रकारे माशी दिसते का तेही. हा मुद्दा आमच्या लक्षातच नव्हता. माशीला पांढरा ठिपका असलेलं घेतलं तेव्हा तिचं काम सोपं झालं.

त्या दिवशी काही घेऊ नका. ‘घरी जाऊन सांगते’ असं तिनं म्हणावं आणि तुम्ही रस्त्यात मत देऊ नये. हे मला सगळ्यात जड गेलं.

आधी सराव, मग खरेदी जमली तर उत्तम

परवाना यायला वेळ लागतो, तो वेळ एअर पिस्तुलावर घालवा. ४.५ मिमीपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही. स्पर्धेच्या दहा मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा असतो, त्यामुळे ताकदीपेक्षा नेम, श्वास आणि बोट यांचा मेळ शिकता येतो. रायफल क्लब असेल तिथं नाव घाला. घाटापलीकडच्या कोल्हापूरची राही सरनोबत २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेऊन आली, तेव्हापासून आमच्या भागातल्या आया मुलींना नेमबाजीला पाठवायला कमी घाबरतात.

नवऱ्यानं शिकवू नये. गाडी शिकवताना काय होतं ते आठवा.

मागच्या परसात, चिऱ्याच्या गडग्यावर नारळाची करवंटी ठेवून सराव करायची कल्पना तर डोक्यातून काढाच. गोळी चिऱ्यावरून उडते, आणि गडग्यापलीकडे कुणीतरी पातेरा गोळा करत असतं. लग्नात, पालखीपुढे बार काढणं हाही २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. शस्त्र कायम भरलेलं आहे असं समजा, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर ठेवा, आणि नेमाच्या मागे काय आहे ते आधी बघा. कुडाच्या भिंतीतून गोळी सहज पार होते, पलीकडे सासूबाई झोपलेल्या असतात.

स्वसंरक्षण म्हणजे काय, हेही वकिलाकडून एकदा समजून घ्यावं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घालणं त्यात बसत नाही.

आणल्यानंतर: मीठ, पाऊस आणि किल्ली

आपल्या किनाऱ्यावर लोखंड कसं खातं ते दाराच्या बिजागऱ्या सांगतात. रिव्हॉल्वर चामडी म्यानात घालून कपाटात ठेवलं की पावसाळा संपेपर्यंत त्यावर तांबूस ठिपके आलेच. चामडं ओल धरतं. कोरड्या कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवायचं. जून ते सप्टेंबर दर रविवारी रिकामं करून पुसायचं आणि बंदुकीच्या तेलाचा पुसट हात फिरवायचा. खोबरेल चालत नाही, थंडीत थिजतं आणि आतल्या भागांत चिकट बसतं. घामाचा हात लागला की त्याच दिवशी पुसायचं.

लोखंडी पेटी भिंतीला किंवा जमिनीला बोल्टनं पक्की करा, काडतुसं वेगळ्या कुलपात. पर्समध्ये ठेवू नये. तीच पर्स देवळात, बाजारात, एसटीत जाते आणि पोरं त्यातच चॉकलेट शोधतात. किल्ली तिच्याकडे. तुम्ही मागायची नाही. दुरुस्तीला तुम्हीच नेणार असाल तर तिची लेखी परवानगी सोबत घ्या, कायद्यात तशी सोय आहे.

निवडणुका लागल्या की शस्त्र जमा करायची नोटीस येऊ शकते. जमा करण्याआधी एरवीपेक्षा जरा जाडसर तेल लावा, कारण ते दोन-दोन महिने ठाण्याच्या खोलीत पडून राहतं. पावतीवर शस्त्राचा नंबर परवान्यावरच्या नंबराशी ताडून बघा. गेल्या खेपेला ही ठाण्यात गेली तेव्हा मी गाडीतच थांबलो होतो. बाहेर आली, पावती घडी करून बटव्यात घातली आणि म्हणाली, “तुमचा खय जमा केलास, तेची पावती हा काय?”

माझी घरी सापडेना.