चवथीच्या आधी रिव्ह्यू अडू नये म्हणून

पर्वरी-पणजीकडच्या छोट्या टीममध्ये कोड रिव्ह्यू, म्हणजे एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने तपासणं, बिघडतो तो बहुधा भिडेपोटी. सीनियरच्या कोडवर बोट कसं ठेवायचं, म्हणून ज्युनियर 'ठीक आहे' लिहून मोकळा होतो. यावर साधा उपाय असा, की सीनियरनेच पुल रिक्वेस्टच्या (बदल तपासून मूळ कोडमध्ये घेण्याच्या विनंतीच्या) वर्णनात नेमकं विचारावं: 'रीट्राय (फसलं तर पुन्हा प्रयत्न) तीनदाच केलाय. पेमेंट दोनदा जाईल का, तेवढं बघ.' प्रश्न समोर आला की उत्तर देणं उद्धटपणा वाटत नाही.

बदल २०० ओळींच्या आसपास ठेवा, ४०० च्या वर नकोच. तासाभरानंतर नजर मरते, मग चुका सुटतात आणि शेरे फक्त नावांवर, स्पेसवर येतात. ते काम लिंटरला, म्हणजे अशा चुका आपोआप दाखवणाऱ्या प्रोग्रामला द्या. माणसाने माणसाला स्पेसवरून टोकण्यात नुसती कटुता वाढते.

शेरा कोडवर लिहा, माणसावर नको. 'तू नल (मूल्यच नसणं) तपासलाच नाहीस' ऐवजी 'यादी नल आली तर ही ओळ कोसळेल'. ऐच्छिक सूचनेला आधी 'ऐच्छिक' लिहा, नाहीतर नवखा प्रत्येक शेरा हुकूम समजतो. एकाच मुद्द्यावर दोन फेऱ्या झाल्या की लिहिणं थांबवून फोन करा आणि ठरलेलं तिथेच एका ओळीत नोंदवा.

आणि हो, सापडलेल्या चुका वार्षिक मूल्यमापनात मोजू नका. आयबीएममध्ये कोड तपासणीची पद्धत बसवणाऱ्या मायकल फॅगन यांनी १९७६ मध्येच हे बजावलं होतं. मोजल्या की लोक चुका लपवतात.

चवथीला (गणेश चतुर्थीला) सगळे गावच्या घरी जातात. मोठे बदल आठवडाभर आधीच उघडा. आदल्या संध्याकाळी आलेल्या ८०० ओळी कोणीही वाचत नाही.