तीन मुळं म्हणजे तीनच नळ्या? रूट कॅनाल करताना या चुका टाळा

वरच्या पहिल्या दाढेच्या तिन्ही नळ्या एक्स-रेत टोकापर्यंत छान भरलेल्या दिसतात, तरी रुग्ण काही महिन्यांनी परत येतो: "डॉक्टर, चावलं की अजून ठणकतं." अशा वेळी पहिला संशय एमबी-टूवर, म्हणजे पुढच्या गालाकडच्या मुळातल्या दुसऱ्या नळीवर घ्या. निम्म्याहून अधिक वरच्या पहिल्या दाढांत ही चौथी नळी असते. तीनच नळ्या गृहीत धरून दात उघडणं, हीच सगळ्यात महागात पडणारी चूक.

एक्सेस (नळ्यांपर्यंत पोचायला दातात उघडलेली वाट) त्रिकोणी न ठेवता मेसियल, म्हणजे पुढच्या बाजूला थोडा वाढवा. एमबी-वन (त्याच मुळातली मुख्य नळी) आणि पॅलटल (टाळूकडच्या) नळीची तोंडं जोडणारी रेषा मनात ओढा. एमबी-टू बहुधा त्या रेषेवर किंवा किंचित मेसियलला, डेंटिनच्या (दाताच्या आतल्या कठीण थराच्या) कठड्याखाली दडलेली असते. कठडा अल्ट्रासॉनिक टिपने, भिंगातून बघत, हळूहळू काढा. घाईने बर (ड्रिलचं टोक) खोल घातलात तर थेट फर्केशनमध्ये, म्हणजे मुळं फुटतात त्या जागी छिद्र पडेल.

त्याआधी दाताच्या आतल्या पोकळीचा तळ नीट पाहायला शिका. क्रास्नर आणि रँकोव या दंतवैद्यांनी 500 दात तपासून 2004 मध्ये जे नियम मांडले, ते मला कोणत्याही महागड्या उपकरणापेक्षा मोलाचे वाटतात. तळ भिंतींपेक्षा गडद असतो आणि नळ्यांची तोंडं तळ व भिंत मिळतात तिथेच सापडतात. वरच्या दाढा सोडल्या, तर तळाच्या मध्यातून जाणाऱ्या मेसियल-डिस्टल (पुढून मागे) रेषेच्या दोन्ही बाजूंना तोंडं सारख्या अंतरावर असतात. म्हणून खालच्या दाढेत डिस्टल नळी एका बाजूला सरकलेली दिसली, की तिची जोडीदार पलीकडे शोधायचीच. कधी ती डिस्टोलिंग्वल (मागच्या, जिभेकडच्या) बाजूच्या वेगळ्या, वाकड्या मुळात असते.

एकाच सरळ एक्स-रेवर विसंबू नका. साधारण 20 अंशांनी कोन बदलून दुसरा काढा. त्यात फाइल (नळी साफ करायची बारीक सुई) मुळाच्या मधोमध नसेल, किंवा नळी अर्ध्यावर एकदम पुसट झाली असेल, तर दुसरी नळी आहे असंच समजून शोधा. खालच्या पुढच्या दातांत ही दुसरी नळी लिंग्वल बाजूला असते. एक्सेस सिंग्युलमकडे (दाताच्या जिभेकडच्या उंचवट्याकडे) न वाढवल्याने ती राहून जाते.

खालच्या दुसऱ्या दाढेत मुळं जुळलेली, शंकूसारखी दिसली तर सी-आकाराची नळी असू शकते. तिथे जाड रोटरी फाइल फिरवत बसू नका. मुळावरच्या खाचेकडची भिंत पातळ असते, ती फाटते. फाइल पोचत नाही त्या पट्टीत सोडियम हायपोक्लोराइट (जंतू मारणारं द्रावण) अल्ट्रासॉनिकने सक्रिय करा, आणि भरताना गरम गटापर्चा (नळी भरायचा रबरासारखा पदार्थ) वापरा.

शंका फिटत नसेल तर त्या दातापुरता सीबीसीटी (त्रिमितीय एक्स-रे स्कॅन) काढा. प्रत्येक रुग्णाला सरसकट नको. तरीही नळी सापडली नाही तर खोदत राहू नका. कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं औषध ठेवा, तात्पुरतं पण घट्ट सिमेंट भरा, काय राहिलंय ते रुग्णाला स्पष्ट सांगा आणि मायक्रोस्कोप असलेल्या एंडोडॉन्टिस्टकडे (रूट कॅनालच्या तज्ज्ञाकडे) पाठवा.