घरच्या घरी बुद्धवंदना कशी घ्यावी, अर्थ समजून

अनेकांना वंदना लहानपणापासून पाठ असते. ‘नमो तस्स’ सुरू झालं की पुढचं आपोआप तोंडात येतं आणि मन मात्र भलतीकडेच फिरत असतं. काही जण नव्याने धम्माकडे वळलेले असतात, त्यांना सुरुवात कुठून करावी हेच कळत नाही. दोघांनीही आधी एक गोष्ट पक्की करून घ्यावी. बुद्धासमोर हात जोडून काही मागायचं नसतं. नवस नाही, गाऱ्हाणं नाही, पापाची माफीही नाही. बुद्धाने स्वतःला देव किंवा तारणहार म्हणवून घेतलं नाही. ‘तुम्हेहि किच्चमातप्पं, अक्खातारो तथागता’ असं धम्मपदात, म्हणजे बुद्धवचनांच्या पाली गाथासंग्रहात आहे. प्रयत्न तुम्हालाच करायचे आहेत, तथागत म्हणजे बुद्ध फक्त वाट सांगतात.

मग पूजा कशासाठी, असा प्रश्न येतोच. त्याचं उत्तर कुशिनाऱ्यातल्या प्रसंगात आहे. बुद्ध दोन शालवृक्षांच्या मधे अखेरचे पहुडले होते. हंगाम नसताना ती झाडं फुलली आणि फुलं त्यांच्या अंगावर पडू लागली. तेव्हा त्यांनी आनंद या आपल्या शिष्याला सांगितलं की तथागताचा खरा सन्मान अशाने होत नाही. जो भिक्खू, भिक्खुणी, उपासक किंवा उपासिका धम्माप्रमाणे वागते, तीच परम पूजा करते. म्हणून बौद्ध परंपरा पूजेचे दोन प्रकार मानते. फुलं, दीप, धूप यांची ती आमिषपूजा आणि आचरणाची ती प्रतिपत्तिपूजा. पहिली दुसरीसाठी मन तयार करते. वंदनेची प्रत्येक पायरी या नजरेने पाहिली की तिचा अर्थ लागत जातो.

आधी गाभा समजून घ्या

सारनाथला, तेव्हाच्या इसिपतनात, आषाढ पौर्णिमेला बुद्धाने पाच जणांना पहिला उपदेश केला. कोण्डञ्ञ, भद्दिय, वप्प, महानाम आणि अस्सजि. त्या उपदेशात चार आर्यसत्यं होती: दुःख आहे, त्याला कारण आहे, ते थांबू शकतं, आणि थांबवण्याचा मार्ग आहे.

हे पुस्तकी वाटत असेल तर कालचाच एखादा प्रसंग घ्या. सकाळी कुणीतरी चारचौघांत टाकून बोललं. ते शब्द दोन क्षणांत संपले, पण आपण संध्याकाळपर्यंत तेच उगाळत बसलो. तो जाळ म्हणजे दुःख. ‘मला असं कुणी बोलताच कामा नये’ हा हट्ट म्हणजे तृष्णेचंच एक रूप. तो हट्ट सुटला की जाळ विझतो, हे प्रत्येकाने कधी ना कधी अनुभवलेलं असतं. आणि तो सुटावा म्हणून रोज करायचा सराव म्हणजे आर्य अष्टांगिक मार्ग.

सम्यक दृष्टी आणि सम्यक संकल्प ही या मार्गातली प्रज्ञा. वाणी, कर्मान्त म्हणजे वागणूक, आणि आजीविका हे शील. व्यायाम म्हणजे प्रयत्न, स्मृती म्हणजे सजगता, आणि समाधी हा चित्ताचा भाग. यातल्या आजीविकेकडे सहसा दुर्लक्ष होतं. शस्त्रं, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असं बुद्धाने नाव घेऊन सांगितलं आहे. म्हणजे पोट कशावर भरतो हाही उपासनेचाच विषय झाला.

जोडीला अनित्य, दुःख आणि अनात्म ही तीन लक्षणं लक्षात ठेवा. सगळं बदलतं, बदलणाऱ्याला धरून बसलं की त्रास होतो, आणि ज्याला ‘मी’ म्हणतो तेही न बदलणारं असं काही नाही. एवढ्या शिदोरीवर वंदनेला बसता येतं.

जागा आणि मांडणी

स्वच्छ, शांत कोपरा पुरे. बसल्यावर नजरेच्या थोडं वर येईल अशी बुद्धमूर्ती किंवा प्रतिमा ठेवा. मूर्ती नसली तरी अडत नाही. सांचीच्या तोरणांवरच्या शिल्पांत बुद्ध मानवी रूपात दाखवलेला नाही. तिथे बोधिवृक्ष, धम्मचक्र, पदचिन्हं आणि रिकामं आसन आहे. गांधार आणि मथुरेत मूर्ती घडू लागल्या त्या साधारण इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास. त्याआधीची पिढ्यान् पिढ्यांची श्रद्धा मूर्तीविनाच चालली.

हातपाय धुवा, साधे स्वच्छ कपडे घाला, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. वेळ शक्यतो रोजची एकच असू द्या.

नमन, शरण, शील

गुडघ्यांवर बसून पंचांग प्रणाम करा. दोन्ही गुडघे, दोन्ही हात आणि कपाळ जमिनीला टेकवायचं, असं तीनदा. नंतर ‘नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स’, म्हणजे त्या भगवान, अर्हत, सम्यक संबुद्धाला नमस्कार, हे तीन वेळा म्हणा. घाई करू नका, एका श्वासात एक ओळ पुरते.

मग त्रिशरण. ‘बुद्धं सरणं गच्छामि, धम्मं सरणं गच्छामि, संघं सरणं गच्छामि’ आणि हेच ‘दुतियम्पि’ (दुसऱ्यांदा), ‘ततियम्पि’ (तिसऱ्यांदा) लावून पुन्हा. बुद्धाला शरण जाताना माणूस जागा होऊ शकतो यावर विश्वास ठेवायचा असतो. धम्माला शरण जाताना बुद्धाने दाखवलेल्या वाटेवर, आणि संघाला शरण जाताना त्या वाटेवर चाललेल्यांच्या सोबतीवर. भन्तेजी, म्हणजे भिक्खू, उपस्थित असतील तर आधी ‘ओकास, अहं भन्ते’ अशी याचना करून त्यांच्याकडून शील घेतात. घरी एकटे असाल तर थेट म्हणा.

पंचशीलापाशी मात्र थांबा, कारण वंदनेतलं सगळ्यात मोलाचं ते इथे आहे. प्राणिहिंसा, चोरी, कामातील मिथ्याचार, खोटं बोलणं आणि नशा, या पाच गोष्टींपासून मी दूर राहीन, हा नियम आपण आपल्यालाच घालून घेतो. कुणी वरून हुकूम देत नाही आणि मोडलं तर शिक्षाही देत नाही. मोडलं हे ओळखायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यायचं. म्हणून शील रोज घेतात.

माझा सल्ला असा की प्रत्येक शील म्हटल्यावर क्षणभर गप्प राहावं आणि कालचा दिवस आठवावा. चौथ्या शीलाला हे फार उपयोगी पडतं. टोचून बोलणं, चहाडी आणि निरर्थक बडबड यांच्यापासून दूर राहणंही सम्यक वाणीत येतं, आणि दिवसभरात आपण सगळ्यात जास्त घसरतो ते तिथेच.

फूल, दीप, धूप

आता आमिषपूजा. ओंजळीत फूल घेऊन ‘वण्णगन्धगुणोपेतं’ ही गाथा म्हणा आणि फूल मूर्तीच्या पायाशी ठेवा. या गाथेचा शेवट असा आहे: ‘पुप्फं मिलायति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं.’ हे फूल जसं कोमेजतं तसा माझा देहही नाशाकडे जातो. म्हणजे फूल अर्पण करताना आपण अनित्याचा पाठ गिरवत असतो. म्हणून दुसऱ्या दिवशी सुकलेलं फूल काढतानाही जरा त्याच्याकडे बघा. काल ताठ असलेली पाकळी कडेने तपकिरी पडलेली असते आणि बोटांत धरली की वळते. ती काढून टाकणं हाही पूजेचाच भाग समजा.

दीप किंवा मेणबत्ती लावताना अंधार दूर करणाऱ्या ज्ञानाचं स्मरण करायचं, उदबत्ती लावताना शीलाच्या सुगंधाचं. फुलांचा वास वाऱ्याच्या उलट जात नाही, सज्जनांचा मात्र जातो, असं धम्मपद सांगतं. पूजेला हे एवढंच लागतं. फुलं मिळाली नाहीत तर नुसते हात जोडा, वंदना अपुरी राहत नाही.

त्रिरत्न वंदना

‘इतिपि सो भगवा’ने सुरू होणाऱ्या पाठात बुद्धाचे 9 गुण आहेत, ‘स्वाक्खातो’मध्ये धम्माचे 6 आणि ‘सुपटिपन्नो’मध्ये संघाचे 9. सगळे एकदम पाठ करायच्या फंदात पडू नका. रोज एक गुण घ्या. धम्माचा ‘एहिपस्सिको’ हा गुण मला सगळ्यांत जवळचा वाटतो: या आणि स्वतः पाहा. केसपुत्त गावच्या कालाम लोकांनाही बुद्धाने हेच सांगितलं होतं. परंपरा आहे, ग्रंथात आहे किंवा गुरू म्हणतो म्हणून मानू नका, स्वतः पारखा.

थोडा वेळ ध्यान

पाठ संपल्यावर लगेच उठू नका. दहा मिनिटं ताठ बसा, डोळे मिटा आणि श्वास आत येतो, बाहेर जातो एवढंच पाहा. तो लांब-आखूड करायचा नाही. मन पळालं की रागावू नका, पुन्हा श्वासावर या.

शेवटी मैत्रीभावना. सुरुवात स्वतःपासून करा: मी सुखी होवो, वैरमुक्त होवो. मग जिव्हाळ्याचा माणूस, मग ज्याच्याशी ना प्रेम ना वैर असा कुणी, आणि सगळ्यांत शेवटी ज्याचं नाव काढलं की कपाळावर आठी पडते तो. हा क्रम जुन्या आचार्यांनी ठरवून दिलेला आहे आणि तो मोडू नये. थेट शत्रूपासून सुरुवात केली तर मैत्रीऐवजी रागच वर येतो. मग ‘सब्बे सत्ता सुखी होन्तु’ (सर्व प्राणी सुखी होवोत) म्हणून मिळवलेलं पुण्य सर्वांना वाटायचं आणि तीनदा ‘साधु’ म्हणायचं.

दुसरीकडे वेगळी पद्धत दिसली तर

वर दिलेला क्रम पाली पाठांचा, थेरवाद या बौद्ध परंपरेला जवळचा आहे. तिबेटी परंपरेत सात वाट्यांत पाणी भरून अर्पण करतात आणि साष्टांग नमस्कार घालतात. पूर्व आशियात अमिताभ बुद्धाचं नामस्मरण करणारे लाखो लोक आहेत. बोधिसत्त्वांची, म्हणजे सर्वांच्या हितासाठी बुद्धत्वाच्या वाटेवर असलेल्यांची, उपासना महायान या दुसऱ्या मोठ्या परंपरेत मोठी आहे. या सगळ्यांत त्रिशरण सारखंच आहे, त्यामुळे कोणत्याही विहारात संकोच न करता जाता येतं. चपला बाहेर काढा, मूर्तीकडे पाय करून बसू नका, स्तूप किंवा बोधिवृक्ष उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घाला.

दिवसभरात आणि पौर्णिमेला

सिगाल नावाचा तरुण राजगृहाबाहेर भल्या पहाटे ओल्या कपड्यांनी सहा दिशांना नमस्कार करत होता. बुद्धाने त्याला थांबवलं नाही, दिशा समजावून दिल्या. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण गुरुजन, पश्चिम पत्नी आणि मुलं, उत्तर मित्र, खालची दिशा आपल्याकडे राबणारी माणसं आणि वरची श्रमण-ब्राह्मण. घरी वंदना झाल्यावर यातली एक दिशा मनात धरा आणि त्या दिवशी त्या माणसांशी नीट वागा. कामाला येणाऱ्या बाईंचे पैसे वेळेवर देणं हीसुद्धा दिशेची पूजाच आहे.

पौर्णिमेला जमल्यास उपोसथ करा. त्या दिवशी पाचाऐवजी आठ शीलं घेतात. तिसऱ्या शीलाच्या जागी पूर्ण ब्रह्मचर्य येतं, दुपारनंतर जेवत नाहीत, नाचगाणं, करमणूक आणि साजशृंगार टाळतात, उंच-ऐसपैस आसनावर किंवा पलंगावर बसत-झोपत नाहीत. औषधं चालू असतील किंवा उपाशी राहून त्रास होत असेल तर जेवणाचा नियम सोडून बाकीची शीलं पाळा. वैशाख पौर्णिमेला सुरुवात करायला हरकत नाही, पण तिची वाट पाहत बसू नका. पुढची येणारी कोणतीही पौर्णिमा चालते.